गाळलेली सोळा उड्डाणं

आकडे नीट दाखवायचे म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, बार काढू की रेषा? चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या शेवटच्या उड्डाणाच्या आदल्या रात्रीचं प्रकरण मी या कामातल्या नवख्यांना सगळ्यात आधी वाचायला देतो, कारण तिथे हा प्रश्न यायच्या कितीतरी आधीच घोळ होऊन बसला होता. आलेख वाईट होता असंही म्हणता येत नाही, कारण तापमान आणि नुकसान एकमेकांसमोर मांडणारा आलेखच नव्हता. होते ते तक्ते आणि मुद्द्यांच्या याद्या. त्यांत कोणत्या ओळी घेतल्या आणि कोणत्या घेतल्याच नाहीत, यावर सगळं अडलं.

काय घडलं होतं

२७ जानेवारी १९८६. फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावरून दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर उडणार होतं. स्पेस शटल यानांच्या ताफ्याचं हे पंचविसावं उड्डाण. यानात सात जण, त्यांत क्रिस्टा मकॉलिफ ही शाळेतली शिक्षिका. हवामानाचा अंदाज आला की रात्री पारा गोठणबिंदूच्या बराच खाली जाणार. यानाला वर ढकलणारे दोन घन-इंधन बूस्टर उटा राज्यातली मॉर्टन थायोकोल ही कंपनी बनवायची. अंदाज कळताच तिथल्या अभियंत्यांचं धाबं दणाणलं.

त्यांना भीती होती ती रबराच्या कड्यांची. बूस्टर म्हणजे एकावर एक चढवून जोडलेले पोलादी नळकांड्यांचे भाग. प्रत्येक जोडात आतला गरम वायू बाहेर येऊ नये म्हणून दोन ओ-रिंग बसवलेल्या. रिंगची जाडी जेमतेम ७ मिलिमीटर, पण घेर ११ मीटरच्या वर. इंधन पेटलं की आतल्या दाबानं जोड किंचित उघडतो. त्या क्षणी दाबलेलं रबर झटकन फुगून फट बुजवायला हवं. थंडीत रबर कडक होतं आणि फुगायला वेळ लावतं. फट तेवढा वेळ उघडी राहिली तर ज्वाला बाहेर.

उड्डाणानंतर बूस्टर समुद्रात पडायचे, ते ओढून आणले जायचे आणि जोड उघडून तपासले जायचे. त्यामुळे पुरावा जमत गेला होता. काही वेळा रिंग वायूनं खाल्लेली दिसे, काही वेळा रिंगच्या पलीकडे काजळी सापडे. काजळी पलीकडे गेली याचा अर्थ वायू रिंगला ओलांडून गेला. रॉजर बोजोले या अभियंत्यानं ३१ जुलै १९८५ लाच लेखी इशारा दिला होता की हा प्रश्न सोडवला नाही तर माणसं दगावतील.

२७ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास तीन ठिकाणं फोनवर जोडली गेली: उटामधली कंपनी, अलाबामातलं नासाचं मार्शल केंद्र आणि फ्लोरिडातलं केनेडी केंद्र. चर्चेसाठी अभियंत्यांनी काही तासांत तेरा पानं तयार करून फॅक्स केली होती. त्यांतली काही हातानं लिहिलेली. त्यांची शिफारस स्पष्ट होती: रिंगचं तापमान ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सियस, याच्या खाली असेल तर उडवू नका. (मूळ कागदांवर फॅरनहाइट आहे, म्हणून इथेही तेच ठेवतो.)

पानं जवळून पाहिली तर

काजळीच्या इतिहासाचं पान घ्या. त्यावर लिहिलंय की एसआरएम-१५ या मोटरमध्ये (एसआरएम म्हणजे बूस्टरची घन-इंधन मोटर) सगळ्यात वाईट काजळी दिसली, दोन जोडांत, ८०° आणि ११०° इतक्या कंसात. खाली एसआरएम-२२: दोन जोड, ३० ते ४०°. शेजारी शेरा, की पंधरा नंबरची काजळी बावीसपेक्षा डोळ्यांना फार वाईट दिसत होती. त्याखाली नोझलच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाच्या, जोडात काजळी सापडलेल्या आणखी काही मोटरींची यादी, म्हणजे वेगळ्याच जोडाची माहिती.

आता या पानावर तापमान शोधा. नाही. ज्या बैठकीचा विषयच तापमान, तिच्या सगळ्यात महत्त्वाच्या पुराव्याच्या पानावर तापमानाचा एकही आकडा नाही. अंशाची खूण मात्र जागोजागी आहे. ती रिंगच्या घेरावर काजळी किती पसरली ते सांगणारी, वर्तुळाच्या ३६० पैकी. घाईत वाचणाऱ्याला ८०° हे तापमान वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

तापमान दुसऱ्या पानावर आहे, रिंगच्या तापमानांचा इतिहास या मथळ्याखाली. सात ओळी. पहिल्या चार जमिनीवर आडव्या ठेवून पेटवलेल्या चाचणी-मोटरी: ४७, ५२, ४८, ५१ अंश. मग प्रत्यक्ष उडालेल्या दोनच मोटरी: एसआरएम-१५, ५३ अंश आणि एसआरएम-२२, ७५ अंश. शेवटी उद्याची एसआरएम-२५: २९, आणि वारा जास्त असेल तर २७. त्याआधी चोवीस उड्डाणं झाली होती. तक्त्यात त्यांपैकी दोन.

नावांचा गोंधळ वेगळाच. तेच उड्डाण कुठे मोटरच्या क्रमांकानं, कुठे मोहिमेच्या क्रमांकानं, कुठे उड्डाणाच्या तारखेनं येतं. एसआरएम-१५ म्हणजेच ५१-सी, म्हणजेच जानेवारी १९८५. आत काम करणाऱ्याला हे पाठ असतं. फोनच्या पलीकडे बसून तीन पानं चाळणाऱ्याला ते जुळवायला डोक्यात चौथं पान तयार करावं लागतं. एकच गोष्ट सगळीकडे एकाच नावानं लिहायची, हा नियम ऐकायला बाळबोध वाटतो. मी तपासतो त्या अहवालांत सगळ्यात जास्त वेळा मोडलेला नियम तोच असतो.

शिफारशीच्या पानावर तर अभियंत्यांनी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली. तापमान किमान ५३ हवं, असं लिहून लगेच खाली नोंद केली की ४७ ते ५२ अंशांतल्या चाचणी-मोटरींत काजळी दिसली नाही, आणि ५३ अंशांवरच्या एसआरएम-१५ नं काम निभावलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चाचणी-मोटरी आडव्या ठेवून पेटवलेल्या आणि त्यांच्या जोडातली पुट्टी हातानं नीट भरलेली, त्यामुळे त्यांची तुलना उडणाऱ्या मोटरींशी होत नव्हती. पण त्या एकाच तक्त्यात, एकाच प्रकारच्या ओळीत बसवल्या की वाचणारा त्यांना सारखंच वजन देणार. दोन जातींची माहिती एका रकान्यात घातली की रकाना खोटं बोलायला लागतो, आकडे खरे असले तरी.

पंच्याहत्तर अंशांचं उत्तर

बैठकीत जे व्हायचं तेच झालं. नासाच्या बाजूनं बूस्टरचे प्रकल्प व्यवस्थापक लॅरी मलॉय यांनी तर्क लावला: काजळी ५३ ला दिसली तशी ७५ लाही दिसली, मग तापमानाचा संबंध कुठे आला? हा युक्तिवाद आज लबाड वाटतो, पण समोर ठेवलेल्या दोन ओळींवरून दुसरं काही निघतही नव्हतं. जास्तीत जास्त थंड उड्डाणात काजळी, जास्त गरम उड्डाणांतल्या एकात काजळी. संपलं. मार्शलच्या जॉर्ज हार्डींनी शिफारस ऐकून धक्का बसल्याचं सांगितलं, तरी कंत्राटदाराच्या सल्ल्याविरुद्ध आपण उडवणार नाही असंही म्हटलं. मलॉय यांनी विचारलं, मग काय एप्रिलपर्यंत थांबायचं?

बोजोलेंना त्यांची भीती आकड्यांत मांडायला सांगितलं गेलं. त्यांनी कबूल केलं की तसं मांडता येत नाही, पण आपण सुरक्षिततेपासून दूर चाललोय एवढं नक्की माहीत आहे. अर्ध्या तासासाठी कंपनीनं फोन बंद करून आतल्या आत चर्चा केली. बोजोलेंनी दोन्ही मोटरींचे फोटो टेबलावर ठेवले: एकीतली काजळी कोळशासारखी काळीकुट्ट, दुसरीतली फिकट. त्यांचे सहकारी अभियंते आर्नी थॉम्प्सन यांनी वहीवर जोडाचं चित्र काढून दाखवलं. म्हणजे ५३ आणि ७५ ही दोन प्रकरणं सारखी नाहीत, याचा उत्तम दृश्य पुरावा त्या खोलीत होता. पण फोन बंद असताना, आणि निर्णय ज्यांनी उलटवायला भाग पाडलं ते दुसऱ्या राज्यांत बसलेले असताना. त्यानंतर कंपनीचे वरिष्ठ उपाध्यक्ष जेरी मेसन यांनी अभियांत्रिकीचे प्रमुख बॉब लुंड यांना इंजिनिअरची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं, हा प्रसंग चौकशीत नोंदला गेलाय आणि पुढे पुष्कळांनी सांगितलाय. चौघा व्यवस्थापकांनी उड्डाणाच्या बाजूनं कौल दिला. नव्या फॅक्सवर त्या चौघांतल्या जो किल्मिन्स्टर यांची सही होती. केनेडीत हजर असलेले कंपनीचे ॲलन मॅकडॉनल्ड यांनी सही करायला नकार दिला होता. त्या फॅक्समधला एक मुद्दा असा: काजळीबाबत तापमानाची माहिती निर्णायक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यान उडालं आणि ७३ सेकंदांनी फुटलं. सातही जण गेले.

कोणत्या ओळी नव्हत्या

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या रॉजर्स आयोगानं ६ जून १९८६ ला अहवाल दिला. त्यात शेजारी शेजारी ठेवण्यासारखे दोन आलेख आहेत. पहिल्यात फक्त ती उड्डाणं, ज्यांच्या जोडात नुकसानीची काही तरी खूण सापडली. अशी सात: ५३, ५७, ५८, ६३, ७०, ७०, ७५ अंश. बिंदू सगळ्या रुंदीवर विखुरलेले, डावीकडे एक उंच आणि उजवीकडेही एक उंच. बघणारा म्हणेल, यात काही कल नाही. आयोगानं नेमकं हेच नोंदवलं: व्यवस्थापनानं नुकसान झालेल्या उड्डाणांचीच आपापसांत तुलना केली, एकूण उड्डाणांत नुकसान किती वेळा झालं ही तुलना केली नाही.

दुसऱ्या आलेखात ज्यांत काहीच सापडलं नाही ती उड्डाणंही आहेत. चोवीसपैकी एका उड्डाणाचे, चौथ्याचे, बूस्टर समुद्रात बुडाले, म्हणून त्याची माहिती नाही. उरली तेवीस. त्यांतली सात खुणांची, सोळा बिनखुणांची. त्या सोळांची तापमानं: ६६, तीनदा ६७, ६८, ६९, दोनदा ७०, ७२, ७३, ७५, दोनदा ७६, ७८, ७९, ८१. ही रांग एकदा वाचली की पुढचं सांगायची गरज उरत नाही. ६६ च्या खाली एकही निर्दोष उड्डाण नाही. चार थंड उड्डाणं, चारहींत खूण. ६६ आणि वर एकोणीस उड्डाणं, खूण तिघांत.

हिशेब कागदावर करता येतो. तापमानाचा काहीच संबंध नसेल, सात खुणा तेवीस उड्डाणांत अशाच वाटल्या गेल्या असतील, तर सगळ्यात थंड चारही उड्डाणं त्या सातांतली निघण्याची शक्यता किती? सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, भागिले तेवीस गुणिले बावीस गुणिले एकवीस गुणिले वीस. उत्तर २५३ मध्ये एक. थोडी गोम आहे: “सगळ्यात थंड चार” ही सीमा आपण आकडे बघून ठरवली, म्हणून हे उत्तर जरा जास्तच अनुकूल येतं. ती गोम धरूनही “निर्णायक नाही” हे वाक्य लिहायला हात धजावू नये, इतकं ते नक्की आहे.

निर्दोष उड्डाणं गाळली का गेली? यात कुणाचा डाव नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखं आहे. प्रश्न होता रिंगच्या नुकसानीचा, म्हणून माणसं नुकसानीच्या फायली घेऊन बसली. जिथे काही घडलं नाही त्याची फाइल कोण काढतो? तक्रारींच्या नोंदी, अपघातांच्या नोंदी, बंद पडलेल्या यंत्रांच्या नोंदी, सगळीकडे हेच होतं. नोंदवही घटना घडल्यावरच उघडली जाते. मग तिच्यावरून काढलेला प्रत्येक आलेख फक्त घडलेल्यांचा असतो आणि छेद म्हणून जी संख्या लागते, ती कुणाकडेच नसते.

तोच आलेख आज काढायचा तर

तेवीस ओळींची ही आकडेवारी आज सहज मिळते आणि संख्याशास्त्र शिकवणारे ती वर्षानुवर्षं वापरत आलेत. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने पुरतात: तापमान आणि खूण आहे की नाही. तरी पहिल्या फटक्यात आलेख चुकतो, आणि चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे आलेखाचा प्रकार. यादीतून लाइन चार्ट निवडला की बहुतेक स्प्रेडशीट तापमानाला आकडा न मानता नुसतं लेबल मानतात. ५३, ५७, ५८, ६३ सगळे सारख्या अंतरावर येतात आणि ५३ ते ५७ मधली मोकळी जागा गिळली जाते. २९ अंशांची ओळ घातली, तर ती ५३ च्या अगदी शेजारी येऊन बसते, जणू एकच पायरी खाली. त्या रात्रीचा सगळा धोका या एका क्लिकनं नाहीसा होतो. इथे स्कॅटर हवा, ज्यात आडवा अक्ष खरा आकडा असतो.

दुसरी जागा रिकाम्या चौकटी. निर्दोष उड्डाणापुढे शून्य लिहायचं. बूस्टर बुडालेल्या उड्डाणापुढे काहीच लिहायचं नाही. “तपासलं, काही नव्हतं” आणि “तपासताच आलं नाही” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बेरजेच्या सूत्राला त्यांतला फरक कळत नाही. मी अशा ओळीपुढे शेऱ्याचा वेगळा रकाना ठेवतो, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी सद्‌हेतूनं रिकाम्या चौकटींत शून्य भरून टाकतोच.

मग एकमेकांवर पडणारे बिंदू. ६७ अंशांवर तीन उड्डाणं आहेत. स्कॅटरमध्ये तिथे एकच ठिपका दिसतो. सोळा निर्दोष उड्डाणांतली चार अशी लपतात. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या जीजीप्लॉटमध्ये किंवा पायथनमध्ये बिंदू थोडे विस्कटून दाखवायची सोय आहे, पण ती आंधळेपणानं वापरली तर बिंदू आडवेही सरकतात आणि ६७ चं तापमान खोटं होतं. विस्कटायचं तर फक्त उभ्या दिशेनं. त्याहून बरं म्हणजे एकावर एक रचणं.

उभ्या अक्षावर काय घ्यायचं यावर मतं वेगळी असू शकतात. खराब झालेल्या रिंगांची संख्या घेता येते, नुकसानीला गुण देऊन एक निर्देशांकही करता येतो. मी दोन पट्ट्याच काढीन. वरच्या पट्टीत खुणांची सात उड्डाणं भरीव ठिपक्यांनी, खालच्या पट्टीत निर्दोष सोळा पोकळ ठिपक्यांनी. निर्देशांक केला की गुण कसे दिले यावरच वाद रंगतो, आणि फोनवरच्या बैठकीत तो वाद हरणं सोपं असतं. आहे की नाही, यावर कुणी हुज्जत घालत नाही. भरीव आणि पोकळ ठिपके काळ्या-पांढऱ्या फॅक्समध्येही टिकतात. लाल-हिरवं करायचा मोह रंगीत पडद्यावरही टाळावा, कारण ते दोन रंग काहींना वेगळे दिसतच नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आडव्या अक्षाचा आहे. पुष्कळदा सॉफ्टवेअर आपणहून ५० ते ८५ च्या आसपासचा अक्ष देईल, कारण आकडे तिथेच आहेत. तो हातानं २५ पासून सुरू करायचा आणि २७ ते २९ वर उभा पट्टा आखून “उद्या” असं लिहायचं. आता त्या पट्ट्यापासून पहिल्या ठिपक्यापर्यंत चोवीस अंशांची कोरी जागा दिसते, आणि तिच्या काठावरचे चारही ठिपके भरीव. कागदाचा जवळजवळ निम्मा भाग रिकामा राहतो म्हणून कुणी तो छाटायला सांगेल. छाटू नये; त्या कागदावर वाचण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

कलरेषा मात्र नको. सात बिंदूंवर वक्ररेषा बसवायला सांगितली तर स्प्रेडशीट हसत हसत वाटीसारखा आकार काढून देईल. तेवीसांवर नीट प्रारूप बसवता येतं, पण ५३ च्या खाली ते जे सांगेल ते अनुमान आहे, आणि ठळक रेषा काढली की अनुमान मोजमापासारखं दिसतं.

सगळं असूनही न दिसणं

ओळी पूर्ण असल्या म्हणजे भागतं असंही नाही, आणि याचा दाखला याच प्रकरणात आहे. अपघातानंतर कंपनीनं आयोगापुढे सगळ्या उड्डाणांचं चित्र सादर केलं. प्रत्येक बूस्टरसाठी एक छोटंसं रॉकेट, चोवीस उड्डाणांची अठ्ठेचाळीस रॉकेटं रांगेत, नुकसानीच्या जागी वेगवेगळ्या छटा, तापमान रॉकेटच्या अंगावर आडवं लिहिलेलं. या वेळी काहीही गाळलेलं नव्हतं. पण रांग लावली होती उड्डाणाच्या तारखेनं. त्यामुळे ५३ अंशांचं रॉकेट मधेच कुठेतरी, ५७ चं त्याच्या बरंच आधी, ५८ चं शेवटी. तारीख हा क्रम सगळ्यांना नैसर्गिक वाटतो म्हणून तो आपोआप लागतो. प्रश्न तापमानाचा असेल तर रांग तापमानानंच लागली पाहिजे. नुसती ती रॉकेटं कात्रीनं कापून पुन्हा मांडली असती तरी चित्र बोललं असतं.

या आलेखांपेक्षा आणि चित्रापेक्षा लोकांच्या लक्षात राहिलं ते आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं प्रात्यक्षिक. ११ फेब्रुवारी १९८६ ला कॅमेऱ्यांसमोर त्यांनी रिंगच्या रबराचा तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात ठेवला आणि बाहेर काढून दाखवलं की तो लगेच पूर्ववत होत नाही. अप्रतिम, पण पेला एकच होता. शेजारी कोमट पाण्याचा दुसरा पेला असता तर तुलना पुरी झाली असती.

अभियंत्यांची बाजू

आकडेवारीच्या मांडणीवर लिहिणारे एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ मध्ये ही तेरा पानं तपासून म्हटलं की अभियंत्यांकडे योग्य मत होतं आणि ते मांडण्याची पद्धत चुकली. त्यांनी स्वतः काढलेला आलेख आज सगळीकडे दाखवला जातो. २००२ मध्ये बोजोले आणि तीन सहलेखकांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं, आणि ते मात्र कमी लोक वाचतात. त्यांचं म्हणणं: सगळ्या उड्डाणांचं रिंगचं तापमान त्या रात्री आमच्या हाताशी नव्हतं. टफ्टींच्या अक्षावर हवेचं तापमान आणि रिंगचं तापमान यांची सरमिसळ झाली आहे. आणि आमची काळजी काजळीची, म्हणजे वायू रिंग ओलांडून जाण्याची होती, तर टफ्टींनी झीज आणि काजळी एकत्र करून एक निर्देशांक बनवला.

हवेचं आणि रिंगचं तापमान वेगळं, हा मुद्दा किरकोळ नाही. त्यांच्याच तक्त्यात एसआरएम-१५ च्या ओळीत हवा ६४ आणि रिंग ५३ आहे, कारण रिंगनं आधीच्या रात्रींची थंडी साठवलेली होती. अकरा अंशांचा फरक. अक्षावर नुसतं “तापमान” लिहिलं तर कोणतं, हे विचारलंच पाहिजे.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं. चांगल्या आलेखानं उड्डाण थांबलंच असतं, असं छातीठोकपणे म्हणणारे बैठकीत काय चाललं होतं ते विसरतात. एरवी यान सुरक्षित आहे हे कंत्राटदारानं सिद्ध करायचं असे. त्या रात्री ते धोक्याचं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी अभियंत्यांवर आली. अशा दबावाला कागद पुरे पडेलच असं नाही. तापमानांची माहिती जमवलेली नव्हती, हा दोषही आदल्या काही तासांतला नव्हता, तो आदल्या वर्षभराचा होता. पण “७५ लाही काजळी होती” या एका वाक्याला उत्तर हवं होतं आणि ते कुणालाच देता आलं नाही. ते उत्तर बिनखुणांच्या उड्डाणांत होतं: ७५ ला दोन उड्डाणं झाली, एकात खूण, एकात नाही, ५३ ला एकच झालं आणि त्यात सगळ्यात वाईट. अंदाजे तापमानांवरूनही एवढं म्हणता आलं असतं.

आणि एक कागद असा होता, ज्याला आलेखाची गरजच नव्हती. रिंग दाबून सोडली की तिला पुन्हा टेकायला किती वेळ लागतो, याची चाचणी आधीच झाली होती. १०० अंशांवर रिंग सुटलीच नाही. ७५ वर २.४ सेकंद. ५० वर ६०० सेकंद झाले तरी टेकली नाही आणि चाचणी थांबवावी लागली. तेरांतल्याच दुसऱ्या एका पानावर लिहिलं होतं की प्रज्वलनानंतरच्या ३३० ते ६०० मिलिसेकंदांत दुसरी रिंग कामी येण्याची आशा जवळजवळ नाही. एका पानावर ६०० सेकंद, दुसऱ्यावर ६०० मिलिसेकंद, दोन्ही वेगळ्या एककांत आणि वेगळ्या पानांवर. एकाखाली एक, दोन्ही सेकंदांत लिहिले असते तर ०.६ आणि ६००. चाचणीच्या तीन ओळींत कारण होतं, उड्डाणांच्या नोंदींत परिणाम होता, आणि ते दोन्ही एका पानावर कधी भेटले नाहीत.

म्हणून अभ्यासवर्गात हे प्रकरण देताना मी तेरा पानांचं एक पान करायला सांगतो, ग्राफ पेपर आणि पेननं, कारण १९८६ मध्ये तेवढंच हाताशी होतं. डावीकडे दोन पट्ट्यांचा आलेख, उजवीकडे चाचणीच्या तीन ओळी, तळाशी बूस्टर बुडालेल्या उड्डाणाची आणि आडव्या चाचणी-मोटरींची वेगळी नोंद. मथळ्यात विषय लिहून थांबायचं नाही, निष्कर्ष लिहायचा: “६५ अंशांखाली चार उड्डाणं, चारहींत नुकसान, २९ अंशांचा अनुभव शून्य.” त्याखाली, मूळ फॅक्सच्या पहिल्या पानावर जी नव्हती, ती पान तयार करणाऱ्यांची नावं.